‘जेवलीस का?’ याच्या पुढचा प्रश्न

वास्कोहून निघालेली गोवा एक्स्प्रेस लोंढ्याचा घाट चढून आमच्या बेळगावला येते, पुढे मिरज, पुणे, मनमाड करत भोपाळ गाठते आणि तशीच दिल्लीकडे निघून जाते. आमच्या घरात या गाडीला ‘आक्काची गाडी’ म्हणतात. माझी थोरली बहीण लग्न होऊन भोपाळला गेली त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. तिच्याकडे जाणारा कुंदा, शेंगापोळ्या, ज्वारीचे पीठ, सारे काही याच गाडीने गेले. तिच्या सुखदुःखाच्या बातम्या मात्र अलीकडे फोनवरूनच यायच्या. दर रविवारी संध्याकाळी मी फोन करायचो आणि ठरलेले प्रश्न विचारायचो. जेवलीस का? पाणी येते का? औषध घेतलेस का? तिकडून ठरलेले ‘हो’ यायचे आणि माझे कर्तव्य संपायचे.

दाजी २०२२ साली अचानक गेले. भाचा नोकरीसाठी पुण्यात. आक्का भोपाळ सोडायला तयार नव्हती. ‘इथं सगळी ओळखीची माणसं आहेत रे,’ म्हणायची. आम्हीही फार आग्रह केला नाही. एक स्मार्टफोन घेऊन दिला, व्हॉट्सअ‍ॅप शिकवले आणि रोज सकाळी फुलांचे फोटो, सुविचार, गुडघेदुखीचे घरगुती उपाय पाठवत राहिलो. तिच्याकडून नमस्काराचे दोन हात यायचे. पुढे पुढे तेही येईनासे झाले, आणि हे माझ्या लक्षातसुद्धा आले नाही.

एका रविवारी ती म्हणाली, ‘बेजार आलंय रे मला.’ मी म्हटले, ‘भोपाळचा उन्हाळाच तसा. कूलर लाव.’ फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, ‘अहो, आक्का उन्हाबद्दल बोलत नव्हत्या. त्या आमच्या कन्नडातलं बेजार म्हणत होत्या.’ पत्नी धारवाडची. सीमाभागातल्या वाचकांना फरक सांगायला नकोच. मराठीत आपण डासांनी बेजार होतो, पाहुण्यांनी बेजार होतो. कन्नडात ‘याको बेजार आगेद’ म्हटले की त्यात उदासी असते, कशातच मन न लागणे असते. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याचे वजन वेगळे. निपाणीजवळच्या गल्लीत दोन्ही भाषा बोलत वाढलेल्या माझ्या बहिणीने नेमका शब्द वापरला होता. एम.ए. झालेल्या, रोज वर्गात शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या भावाला तो कळला नाही.

स्वयंपाकघरातली पाहुणी

कळले ते एका परक्या बाईला. आक्काकडे कामाला येणाऱ्या बाईंची नणंद सीहोर जिल्ह्यातल्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे. सीहोर भोपाळपासून चाळीसेक किलोमीटरवर. २०२४ च्या सुरुवातीला ही नणंद काही कामानिमित्त भोपाळला आली होती आणि भावजयीचे काम आटपेपर्यंत आक्काच्या स्वयंपाकघरात बसली होती. आक्काने तिला चहा दिला, पण स्वतःसाठी कप घेतला नाही. एवढ्यावरून तिने विचारले, ‘दीदी, मन कैसा रहता है आजकल?’ मग आणखी दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असे किती दिवस झाले? उदास, निराश वाटते असे किती दिवस?

आक्का रडायला लागली. दाजी गेल्यानंतर ती पहिल्यांदाच कोणासमोर रडली, असे तिने नंतर मला सांगितले. ती बाई घाईने समजूत घालत बसली नाही, देवाचे नाव घ्या म्हणाली नाही. थोडा वेळ तशीच बसली आणि मग म्हणाली, ‘यह बीमारी है दीदी, इसका इलाज होता है।’

त्या रात्री आक्काने मुलाला फोन केला. तो आला आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. थायरॉइड, रक्तातले हिमोग्लोबिन वगैरे तपासून झाल्यावर डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आणि औषध सुरू केले. मी मे महिन्यात गोवा एक्स्प्रेसने गेलो तेव्हा ती पुष्कळ सावरली होती. मला मात्र एक प्रश्न छळत होता. सीहोरच्या गावातल्या त्या बाईला हे प्रश्न कोणी शिकवले? आक्काने हसून सांगितले, ‘मी विचारलं की तिला. फोनवर शिकली म्हणाली.’

गोव्याहून सीहोरला

मग मी याचा माग काढायला लागलो. गंमत अशी की या उपचाराचा प्रवासही थेट आक्काच्या गाडीच्या मार्गाने झाला आहे.

गोव्यात १९९६ साली ‘संगाथ’ ही संस्था सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ फार थोडे आहेत आणि तेही बहुतेक शहरांत. मग बोलून करायचा उपचार गावातल्या साध्या, थोड्याफार शिकलेल्या माणसाला शिकवता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ नावाची पद्धत तयार झाली. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तिची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. हे सारे बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे रुग्ण होते. समुपदेशक होते ते मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक लोक. एका रुग्णाबरोबर सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. नेहमीच्या उपचारांबरोबर या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष डिसेंबर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले.

त्याच सुमाराला मध्य प्रदेशात वेगळे काम चालू होते. २०११ मध्ये ‘प्राइम’ हा पाच देशांचा प्रकल्प सुरू झाला. इथिओपिया, नेपाळ, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि भारत. भारतातला जिल्हा होता सीहोर. लोकसंख्या सुमारे तेरा लाख. आपले मराठी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये हे या कामात आघाडीवर होते. सरकारी आरोग्य केंद्रांत ‘मन-कक्ष’ सुरू झाले, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठी एक खोली आणि बोलायला एक माणूस. पण केंद्रात खोली उघडली म्हणून गावातली माणसे आपणहून तिथे आली, असे मोठ्या प्रमाणावर घडले नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, तो बस धरून आरोग्य केंद्रात कसा येणार?

विदर्भात मात्र वेगळा अनुभव आला होता. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, पारावर, बचतगटांत बसून नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. उपचाराला घरापर्यंत चालत यावे लागते, हे या दोन अनुभवांतून मला उमगले.

गावात घरोघर जाणारी व्यक्ती कोण? आशाताई. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, देशभरात दहा लाखांच्या घरात आशाताई आहेत. पण इतक्या जणींना शहरातल्या सभागृहात बोलावून, आठवडाभर ठेवून कोण शिकवणार? त्यांची घरे, शेती, लसीकरणाचे दिवस कोण सांभाळणार? म्हणून भोपाळच्या ‘संगाथ’ने अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांबरोबर ‘इसेन्स’ हा प्रकल्प हाती घेतला. गोव्यातली तीच पद्धत हिंदीत, लहान लहान पाठांच्या आणि चित्रफितींच्या रूपात मोबाइलवर आणली. रुग्णाशी कसे बोलावे आणि कसे बोलू नये, हे त्यात प्रसंग उभे करून दाखवले आहे.

सुरुवात सोपी नव्हती. कित्येक जणींनी स्मार्टफोन आधी कधी हाताळलेला नव्हता. बोट कसे सरकवायचे, पासवर्ड काय असतो, इथपासून तयारी होती. गावात नेटवर्क जाते, म्हणून पाठ आधी उतरवून घेऊन नंतर पाहता येतील अशी सोय लागली. पुढे मोठ्या चाचणीत तीन गट केले. एक वर्गात शिकणारा, दुसरा फक्त फोनवर शिकणारा आणि तिसरा फोनवर शिकता शिकता अधूनमधून एका मार्गदर्शकाचा फोन येणारा. हा तिसरा गट करावासा वाटला यातच बरेच काही आले. यंत्रावर शिकणाऱ्याचीही विचारपूस करायला माणूस लागतो, हे शिक्षक म्हणून मी रोजच पाहतो.

उत्साहाची वाट पाहायची नाही

या उपचारात असते तरी काय? मी समजून घेतले तेव्हा इतके साधे वाटले की थोडा अविश्वासच वाटला.

नैराश्यात माणूस एका चक्रात सापडतो. मन लागत नाही म्हणून तो कामे सोडतो. फिरणे सोडतो, देवळात जाणे सोडतो, शेजारणीशी बोलणे सोडतो. यातूनच तर त्याला थोडा आनंद मिळत असतो. तो आटतो, म्हणून मन आणखी खचते, म्हणून आणखी कामे सुटतात. आपण त्याला म्हणतो, ‘मन घट्ट कर, मग सगळं जमेल.’ ही पद्धत उलटीकडून सुरुवात करते. आधी एक लहानसे काम, मन मागून येईल. उत्साह येण्याची वाट पाहायची नाही, कारण या आजारात नेमका तोच येत नाही.

मात्र काम कोणते, हे समुपदेशक ठरवत नाही. रुग्णाशी बोलून, त्याला पूर्वी काय आवडायचे हे विचारून दोघे मिळून ठरवतात. ते इतके लहान असावे लागते की वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल. दिवस आणि वेळ ठरवायची, केले की लिहून ठेवायचे आणि त्या वेळी मन कसे होते तेही लिहायचे. पुढच्या भेटीत ते पाहायचे. जमले नाही तर रागवायचे नाही, अडचण कुठे आली ते शोधायचे.

आक्काला डॉक्टरांच्या औषधाबरोबर एक समुपदेशक बाई मिळाल्या. पहिल्या आठवड्याचे काम होते, सकाळी सातला गॅलरीचे दार उघडून कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालणे. बस, एवढेच. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन पोहे-जलेबी आणणे. भोपाळची सकाळ पोहे-जलेबीशिवाय होत नाही आणि दाजींना ती फार आवडायची. ‘पहिल्या दिवशी दुकानापर्यंत गेले आणि रडत परत आले,’ आक्का सांगत होती. ‘बाईंनी वहीत तेच लिहायला लावलं. गेले, रडले, जलेबी आणली. म्हणाल्या, गेलात ना, मग झालं काम.’

मी गेलो तेव्हा ती आठवड्यातून चार दिवस बड्या तालावाच्या काठाने चालत होती. मीही तिच्याबरोबर गेलो. तिची वही मी पाहिली. शाळकरी वही, रेघा आखलेल्या. झोप किती वाजता, चालणे किती, कोणाशी बोलले, मन दहापैकी किती. सुरुवातीच्या पानांवर दोन, दोन, तीन. मधे एका दिवशी एकदम सात. शेजारी लिहिले होते, ‘शेंगापोळ्या केल्या. समोरच्या वहिनींना दिल्या.’

‘जीवनशैली बदला’ हा सल्ला आपण किती सहज देतो! लवकर उठा, व्यायाम करा, सकस खा. हे सारे खरेच आहे. नियमित झोप, रोजचे चालणे, वेळेवर जेवण, माणसांत मिसळणे यांनी मनाला बळ येते. पण खचलेल्या माणसाला ही यादी हातात देणे म्हणजे पाय मोडलेल्याला घाट चढायला सांगणे. त्याला पहिली पायरी दाखवावी लागते आणि त्या पायरीवर कोणीतरी सोबत उभे राहावे लागते. औषध चालू असेल तर बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करायचे नाही, हेही आक्काला त्या बाईंनी पुन्हा पुन्हा बजावले होते.

भोपाळची जुनी जखम

भोपाळला असताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री या शहरावर विषारी वायूचे संकट आले. फुफ्फुसे आणि डोळे यांची दुखणी सर्वांना दिसली. मनांवर काय ओढवले, तिकडे लक्ष जायला वेळ लागला. त्या काळी भोपाळमध्ये मानसोपचाराची सोय जवळजवळ नव्हतीच. १९८५ मध्ये बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’चे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. तज्ज्ञ नव्हते, म्हणून त्यांनी वायुग्रस्त वस्त्यांत काम करणाऱ्या सामान्य डॉक्टरांनाच मनाचे आजार ओळखायला आणि त्यांवर उपचार करायला शिकवले.

कर्नाटकातल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. त्याच दशकात ‘निम्हान्स’ने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी तयार करण्याचा प्रयोग केला. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आधी साधे डॉक्टर शिकले, मग आरोग्य केंद्रातले कर्मचारी, मग गोव्यातले साधे लोक आणि आता फोनवरून आशाताई. चाळीस वर्षे एकच प्रयत्न चालू आहे, जाणकार माणूस रुग्णाच्या अधिक जवळ नेण्याचा.

त्याची गरज किती आहे? ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. मध्य प्रदेश त्यांत होता. त्या पाहणीनुसार शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य आणि चिंता यांसारख्या आजारांत शंभरांतल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. माझी बहीण वर्षभर त्या ८५ मध्ये होती. तिच्याकडे पैसे होते, फोन होता, शहरात दवाखाने होते. विचारणारे कोणी नव्हते.

फोन काय करील, काय करणार नाही

आता फोनचे प्रयोग याच्याही पुढे गेले आहेत. भोपाळ, बेंगळुरू आणि अमेरिकेतले बोस्टन अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी ‘माइंडलॅम्प’ नावाच्या अ‍ॅपवर अभ्यास झाला. रुग्णाच्या संमतीने त्याची झोप, हालचाल, घराबाहेर पडणे यांच्या नोंदी फोनच ठेवतो. आजार पुन्हा उलटण्याआधी या नोंदींत काही बदल दिसतो का, हे शोधायचे. झोप बिघडली, माणूस घराबाहेर पडेनासा झाला, हे घरच्यांच्या आधी फोनला कळले तर उपयोगच आहे.

पण भीतीही आहे. मनाच्या इतक्या आतल्या नोंदी कोणाच्या हाती जातात? अ‍ॅप उतरवताना आपण न वाचताच ‘मान्य’ वर बोट ठेवतो. कोणतेही अ‍ॅप घेण्यापूर्वी ते कोणी केले, माहिती कुठे जाते, हे मुलांकडून वाचून घ्यावे. शिवाय बाजारातली पुष्कळ अ‍ॅप इंग्रजीत आहेत आणि एकट्या माणसाने एकट्यानेच वापरायची आहेत. एकटेपणाच ज्याचे दुखणे आहे, त्याला ती कितपत पुरतील? आणि आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवताना त्यांच्या तुटपुंज्या मानधनाचाही विचार सरकारने केला पाहिजे. फोनवर पाठ पाठवला म्हणजे जबाबदारी संपली, असे व्हायला नको.

मी स्वतःपुरता हिशेब मांडला. माझ्याकडे फोन होता आणि त्या आशाताईकडेही होता. मी त्यावरून वर्षभर फुले पाठवली. ती त्यावर प्रश्न विचारायला शिकली आणि समोर बसून तिने तो विचारला.

आपल्या घरी, दोन भाषांत

आपल्या सीमाभागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आपल्या कित्येक घरांत सासू मराठी बोलते, सून कन्नड बोलते आणि नातवंडे दोन्हीत इंग्रजी मिसळतात. व्यवहार दोन्ही भाषांत सहज होतो. बाजार होतो, लग्ने होतात, भांडणेसुद्धा होतात. दुःख मात्र माणूस लहानपणीच्या भाषेतच सांगतो. कन्नड माहेरची सून मराठी घरात ‘काही नाही, डोकं दुखतंय’ म्हणते, तेव्हा तिच्या मनातले वाक्य वेगळेच असू शकते. मराठी म्हातारी कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे बसते आणि नातू तिचे बोलणे भाषांतर करून सांगतो. नातवासमोर ती काय आणि किती बोलणार?

म्हणून दवाखान्यात जाताना रुग्णाची भाषा बोलणारे, रुग्णाला मोकळे वाटेल असे कोणी बरोबर न्यावे. नंतर थोडा वेळ त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. आणि ‘बेजार’, ‘टेन्शन’, ‘काळजात धडधड’, ‘अंगात कसर’, ‘कशात मन नाही’ हे शब्द घरात कानावर आले की ते कोणत्या भाषेतले आहेत, हे थांबून ऐकावे.

‘निम्हान्स’च्या मार्गदर्शनाखाली १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू आहे. देशातल्या वीस भाषांत ती मिळते. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. २०२५ पर्यंत या सेवेवर वीस लाखांहून जास्त फोन आले आहेत. सीमाभागातल्या माणसाला फोन उचलून आपल्या मनाची भाषा निवडता यावी, ही मला मोठी सोय वाटते.

आक्का आजही भोपाळलाच आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आले आहे. मधे दाजींच्या तिथीच्या सुमाराला तिची वही पुन्हा तीनवर आली होती. तिने स्वतःहून समुपदेशक बाईंना गाठले. आता रविवारी मी फोन केला की जेवणाचे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘आक्का, या आठवड्यात मन दहापैकी किती?’ ती कधी सहा म्हणते, कधी सात. एकदा चार म्हणाली, तेव्हा मी पुढच्या शुक्रवारचे तिकीट काढले.

वाचकहो, आज संध्याकाळी तुम्हीही कोणाला तरी फोन करणारच असाल. ‘जेवलीस का?’ जरूर विचारा. तो आपल्याकडचा मायेचा प्रश्न आहे. उत्तर आले की लगेच फोन ठेवू नका. आणखी एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

चौकट : हे लक्षात ठेवा

● दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटणे, किंवा नेहमीच्या गोष्टींत गोडी न वाटणे, ही नैराश्याची मुख्य खूण. झोप आणि भूक बिघडणे, थकवा, डोकेदुखी, स्वतःला दोष देणे ही सोबतची लक्षणे.

● आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा विकार किंवा रक्त कमी असणे यांनीही असेच वाटू शकते.

● घरच्यांनी उपदेशाऐवजी एक लहान काम रुग्णाबरोबर ठरवावे आणि पहिल्या दिवशी त्याच्यासोबत ते करावे.

● कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलले तर विषय टाळू नका. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्या माणसाला एकटे सोडू नका, त्वरित दवाखान्यात न्या.

● टेलि-मानस : १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६. विनामूल्य, चोवीस तास. मराठी, कन्नड आणि इतर भाषांत. तातडीचा धोका असल्यास ११२.